युरोपा युनिव्हर्सालिस ४: जनरलचे पिप कुठे लागू होतात आणि कुठे वाया जातात

"तीन स्टारचा जनरल होता, फौज दीडपट होती, तरी मार खाल्ला. गेम चीट करतो." युरोपा युनिव्हर्सालिस ४ या संगणकावरच्या राज्य-युद्धाच्या गेमबद्दल ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे (आणि सुरुवातीला स्वतः केलीही आहे) की आता उलटा प्रश्न आपोआप तोंडात येतो: लढाईच्या कोणत्या फेजमध्ये (टप्प्यात) मार बसला, जमीन कशी होती आणि समोरच्या जनरलचे पिप (कौशल्याचे गुण) किती होते? बहुतेकांना तिन्हींचं उत्तर माहीत नसतं. स्टार तेवढे लक्षात असतात.

गेम चीट करत नाही. जनरलचा बोनस फक्त समोरच्याशी असलेल्या फरकापुरता मिळतो, तोही त्या-त्या फेजपुरता, आणि जमीन वाईट असेल तर तिथल्या तिथे संपतो. हे डोक्यात बसलं की बाकी सगळा प्रश्न क्रमाचा उरतो. खाली तोच क्रम दिला आहे. आकडे मूळ गेमचे आहेत. मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) लावून खेळत असाल तर ते जुळतीलच असं नाही.

## आधी चार पिपांची ओळख

जनरलच्या नावापुढे चार आकडे दिसतात: फायर, शॉक, मॅन्युव्हर आणि सीज. प्रत्येक ० ते ६. फायर आणि शॉक लढाईत लागतात. सीज फक्त वेढ्यात लागतो. मॅन्युव्हरमुळे फौज वेगाने चालते आणि नदी ओलांडून हल्ला करताना त्याचा खरा उपयोग होतो, तो पुढे येईल.

नकाशावर जे स्टार दिसतात ते साधारण बेरजेवरून ठरतात. फायर ०, शॉक १, मॅन्युव्हर ४, सीज ३ असा गृहस्थही रुबाबदार दिसतो. लढाईत मात्र तो जवळजवळ रिकाम्या हाताने उभा असतो.

तपासा: कोणताही जनरल फौजेवर ठेवण्याआधी चारही आकडे वाचा. स्टार बघून नेमणूक करायची नाही.

## टप्पा १: आधी ट्रॅडिशन, मग जनरल

नवा जनरल घ्यायला ५० मिलिटरी पॉवर (देशाचे लष्करी पॉइंट) लागते. त्याचे पिप नशिबाने ठरतात, पण नशिबाचा पल्ला आर्मी ट्रॅडिशन (फौजेचा साठलेला युद्धानुभव) ठरवते. ट्रॅडिशन ० ते १०० असते. ती लढाया आणि वेढ्यांतून वाढते, किल्ले नीट सांभाळले तरी थोडी मिळते. जनरल घेतला त्या क्षणी ट्रॅडिशन किती होती, एवढंच त्याच्या बाबतीत महत्त्वाचं. नंतर ती वाढली म्हणून जुना जनरल सुधारत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. युद्ध जाहीर करायचं ठरतं, फौज सीमेवर जाते, मग आठवतं की जनरल नाही. घाईघाईत ५० पॉइंट जातात आणि हाती येतो १-१-०-० (फायर-शॉक-मॅन्युव्हर-सीज याच क्रमाने). पसंत पडत नाही म्हणून आणखी ५०. हा जुगार सगळ्यात वाईट वेळी खेळला जातो, कारण लांबलेल्या शांततेनंतर ट्रॅडिशन तळाला गेलेली असते.

ती दरवर्षी असलेल्या आकड्याच्या ५ टक्क्यांनी घटते. युद्ध संपताना ६० असेल आणि मध्ये काहीच मिळवलं नाही, तर १० वर्षांनी साधारण ३६ उरते. म्हणून जनरल घ्यायची चांगली वेळ म्हणजे युद्ध रंगात आलेलं असताना किंवा नुकतंच संपलेलं असताना.

याला एक अडचण आहे. जनरल म्हातारे होतात आणि मरतात. युद्ध संपताना उत्तम माणूस घेतला आणि पुढची १५ वर्षं नुसती शांतता पाळली, तर तो पलंगावरच जायचा. माझा हिशेब साधा आहे: पुढचं युद्ध पाचेक वर्षांत होणार असेल तर आत्ता घ्यायचा. नसेल तर पॉइंट साठवायचे, आणि पुढच्या युद्धातल्या पहिल्या एक-दोन सोप्या लढाया आहे त्या जनरलवर काढून, ट्रॅडिशन चढल्यावर नवा घ्यायचा.

इशारा: मिलिटरी टेक्नॉलॉजीची मूळ किंमत ६०० पॉइंट आहे. चार जनरल म्हणजे २०० पॉइंट, म्हणजे एका टेकचा तिसरा हिस्सा. मनासारखा जनरल मिळेपर्यंत पॉइंट उडवून टेकमध्ये मागे पडलात, तर मिळालेले पिप ती भरपाई करत नाहीत. टेक समोर दिसत असेल तर आधी टेक.

## टप्पा २: किती ठेवायचे ते ठरवा

देशाला काही जनरल फुकट सांभाळता येतात. ती मर्यादा लष्करी पडद्यावर दिसते. तिच्या वरचा प्रत्येक जण दर महिन्याला १ मिलिटरी पॉवर खातो. एक जास्तीचा माणूस चार वर्षं नुसता बसून राहिला तर ४८ पॉइंट गेले, जवळजवळ एका नव्या जनरलची किंमत. युद्ध चालू असताना एखादा जास्तीचा परवडतो. तह झाल्यावर सगळ्यात कमजोर माणसाला घरी पाठवा.

कोणता ठेवायचा? मी एक लढाईचा आणि एक वेढ्याचा ठेवतो. दोन्हीत मध्यम असलेले तीन जण ठेवण्यापेक्षा हे बरं पडतं.

## टप्पा ३: फाशाचा हिशेब एकदा हाताने करा

हा टप्पा टाळू नका. एकदा कागदावर केला की पुन्हा करावा लागत नाही.

लढाई तीन-तीन दिवसांच्या फेजमध्ये चालते. आधी फायर, मग शॉक, मग पुन्हा फायर. प्रत्येक फेजला दोन्ही बाजू ० ते ९ मधला नवा फासा टाकतात. त्यात जनरलचा फरक मिळवला जातो आणि हल्लेखोराच्या फाशातून जमिनीचा दंड वजा होतो. मग मूळ नुकसान असं निघतं: १५ + (५ × अंतिम फासा). सैन्याच्या प्रकाराचे पिपही याच कंसात जातात. टेक, डिसिप्लिन (फौजेची शिस्त) वगैरे गोष्टी नंतर गुणाकाराने लागतात.

फाशाची सरासरी ४.५ धरली तर मूळ नुकसान ३७.५ येतं. एका पिपचा फरक म्हणजे ५, म्हणजे त्या फेजमध्ये साधारण १३ टक्के जास्त. तीन पिपांचा फरक म्हणजे १५, म्हणजे ४० टक्के. हे माणसांच्या नुकसानालाही लागू होतं आणि मोरालच्या (लढण्याच्या उमेदीच्या) नुकसानालाही.

आता "फरक" या शब्दाकडे नीट बघा. तुमचा फायर ४ आणि समोरच्याचाही ४, तर बोनस शून्य. तुमचा २ आणि त्याचा शून्य, तर तुम्हाला २. जास्त पिप असलेल्याला फरक मिळतो, कमीवाल्याच्या फाशातून काही वजा होत नाही. म्हणूनच नवखा १-१-०-० जनरलही बिनजनरलच्या फौजेपेक्षा बरा: समोरच्याच्या बोनसमधून तो दोन्ही फेजमध्ये एकेक खातो.

एक लढाई मांडू. तुमचा जनरल फायर १, शॉक ४. समोरचा फायर ३, शॉक २. बेरीज दोघांचीही ५. तुम्ही टेकडीवर हल्ला करताय, म्हणजे तुम्हाला दोन्ही फेजमध्ये −१. समजा दोघांनाही दर वेळी ४ च पडले.

फायर फेज: तुमचा फासा ४ − १ = ३, मूळ नुकसान ३०. त्याचा ४ + २ = ६, मूळ नुकसान ४५.

शॉक फेज: तुमचा ४ + २ − १ = ५, मूळ नुकसान ४०. त्याचा ४, मूळ नुकसान ३५.

पहिल्या तीन दिवसांत तुम्ही दीडपट मार खाता, पुढच्या तीन दिवसांत थोडासाच परत देता. आणि फायर आधी येत असल्यामुळे शॉकची पाळी येईपर्यंत तुमची पुढची रांग पातळ झालेली असते. बेरीज सारखी असूनही ही लढाई बरोबरीची नाही. याच जागी तुम्ही टेकडीवर उभे असता आणि तो चढून आला असता, तर −१ त्याच्या फाशातून गेला असता: फायरमध्ये तुम्ही ३५ आणि तो ४०, शॉकमध्ये तुम्ही ४५ आणि तो ३०. दोन्ही जनरल तेच, निकाल उलटा.

मग फायर महत्त्वाचा की शॉक? ते काळावर आहे. १४४४ मध्ये गेम सुरू होतो तेव्हा घोडदळाला फायर नसतोच आणि सगळी धार शॉकमध्ये असते. तोफा मिलिटरी टेक ७ ला मिळतात, पण सुरुवातीच्या तोफा वेढ्यासाठी चांगल्या, लढाईत फारशा नाहीत. टेक १६ ला तोफांचा फायर वाढतो आणि पारडं फिरतं. म्हणजे पहिल्या शतकात शॉक ४ वाला हिरा. दोनशे वर्षांनी तोच आकडा फायरखाली हवा.

तपासा: लढाई चालू असताना पॉज करा आणि फाशाशेजारच्या चिन्हांवर माऊस न्या. जनरल आणि जमीन यांचे आकडे वेगवेगळे दिसतात. तीन-चार लढायांत हे केलं की पुढे लढाईआधीच अंदाज येतो.

## टप्पा ४: जनरलच्या आधी जमीन

हल्लेखोराचे दंड असे: डोंगर −२, टेकड्या, पठारी उंचवटे, जंगल, घनदाट जंगल, दलदल −१, नदी ओलांडून −१, सामुद्रधुनी ओलांडून किंवा जहाजातून उतरताच लढाई झाली तर −२. हे एकमेकांत मिळवले जातात. नदीपलीकडच्या डोंगरावर हल्ला म्हणजे −३. तुमच्याकडे तीन पिपांची आघाडी असली तरी ती तिथेच फिटली.

बहामनी घेऊन विजयनगरवर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हेच केलं होतं. जनरल चांगला, फौज मोठी, आणि समोरचा मला पाहून हलत नव्हता. मला वाटलं घाबरला. तो फक्त चांगल्या जागी उभा होता. मी नदी ओलांडून वर चढलो आणि अर्धी फौज घालवून परत आलो. त्या युद्धात मग मी दोन महिने मागे सरकून शेजारच्या टेकडीवर थांबलो, आणि तो स्वतःच चालून आला.

नदीच्या दंडावर एक तोडगा आहे, आणि तो बरेच जण विसरतात: हल्लेखोराच्या जनरलचा मॅन्युव्हर बचावकर्त्यापेक्षा जास्त असेल तर नदीचा −१ लागत नाही. जास्तच हवा; बरोबरी चालत नाही. डोंगराचा दंड यामुळे जात नाही, फक्त नदीचा.

इथून क्रम असा निघतो:

१. शत्रूची फौज कोणत्या प्रांतात आहे त्यावर माऊस नेऊन जमीन बघा.
२. तुम्ही येताय त्या बाजूला नदी आहे का ते बघा. दुसऱ्या प्रांतातून शिरलात तर कदाचित नसेल.
३. शत्रूच्या फौजेवर क्लिक करून त्याच्या जनरलचे पिप वाचा.
४. मग तुमचा फरक वजा दंड, फायर आणि शॉकसाठी वेगवेगळा काढा.
५. दोन्ही उत्तरं उणे असतील तर जाऊ नका. तुमचा एखादा किल्ला त्याच्या वाटेत येईल अशी जागा शोधा आणि त्याला येऊ द्या.

इशारा: मागे हटणाऱ्या शत्रूचा पाठलाग करताना ही यादी सगळे विसरतात. पळणारी फौज बऱ्याचदा डोंगरापलीकडे जाऊन थांबते, तिथे तिला ताज्या फौजेची सोबत मिळते, आणि तुम्ही दमलेल्या मोरालने −२ वर शिरता.

## टप्पा ५: माणूस हलवा, फौज नको

जनरल एका फौजेवरून दुसरीवर टाकायला वेळ लागत नाही. नकाशाच्या दुसऱ्या टोकालाही तो त्याच दिवशी पोचतो. वास्तवाशी याचा काही संबंध नाही, पण सोय उत्तम आहे आणि फार कमी लोक ती वापरतात.

म्हणून एकच चांगला लढवय्या असेल तर त्याला एका फौजेला बांधून ठेवू नका. लढाई जिथे होणार तिथे तो, वेढा जिथे चालू तिथे सीजवाला. लढाई सुरू व्हायच्या आधी बदल करा. एकदा तलवारी भिडल्या की त्या फौजेचा जनरल बदलत नाही. फार तर दुसरी फौज चांगला जनरल घेऊन मदतीला येऊ शकते.

दोन फौजा एकत्र लढल्या तरी पिपांची बेरीज होत नाही. लढाईच्या पडद्यावर ज्याचं नाव दिसतं त्याचेच आकडे धरले जातात. मित्रराष्ट्राबरोबर लढताना हे मुद्दाम बघा, कारण तिथे नाव त्यांच्या माणसाचं असू शकतं.

## टप्पा ६: वेढा

वेढ्यात साधारण दर ३० दिवसांनी १ ते १४ मधला फासा पडतो. त्यात जनरलचा सीज, तोफांचा बोनस (जास्तीत जास्त +५), समुद्रातून नाकेबंदी आणि आतापर्यंतची प्रगती मिळवली जाते, किल्ल्याची पातळी वजा होते. बेरीज २० किंवा जास्त झाली की किल्ला पडतो.

फाशाचा सर्वांत मोठा आकडा १४. म्हणजे निव्वळ बेरीज +६ होईपर्यंत किल्ला शरण येणं शक्यच नाही. सीज ३ चा जनरल त्यातले अर्धे पहिल्या दिवशीच घेऊन येतो. त्यापुढे प्रत्येक पिपने शरणागतीची शक्यता चौदातल्या एका घराने, म्हणजे साधारण ७ टक्क्यांनी वाढते, आणि ती दर फासा पडताना. लांबलचक वेढ्यात याने महिने वाचतात.

फासा १ पडला तर रोगराई पसरते आणि वेढा घालणारी माणसं मरतात. जनरल कितीही चांगला असला तरी हे टळत नाही. तेव्हा वेढ्यावर गरजेपुरती फौज ठेवा, बाकीची शेजारच्या प्रांतात.

## टप्पा ७: देशाचे बोनस वेगळ्या खात्यात

जनरलचे पिप फाशात जातात. डिसिप्लिन, मोराल, घोडदळ-पायदळाची लढाऊ क्षमता हे सगळं त्यानंतर येतं आणि देशाच्या सगळ्या फौजांना लागतं. दोन्हींची गल्लत करू नका. एका पिपची आघाडी एकाच फेजमध्ये साधारण १३ टक्के देते, म्हणजे दोन्ही फेज मिळून सरासरी सहा-सात टक्के. ५ टक्के डिसिप्लिन त्याच्या आसपास येतं, पण ते प्रत्येक लढाईत, प्रत्येक फेजमध्ये असतं, आणि जनरल मेला म्हणून जात नाही.

पिपच वाढवायचे असतील तर ऑफेन्सिव्ह आयडिया (देशाने घ्यायच्या धोरणांचा एक संच) बघा: त्यात लँड लीडरला (जमिनीवरच्या जनरलला) शॉक +१ आणि फायर +१ आहेत, शिवाय वेढ्याचा वेगही. मधल्या दर्जाचे जनरल मिळत असताना याचा फरक जास्त जाणवतो.

जनरलला अनुभवातून मिळणारे स्वभावगुण त्याच्या हाताखालच्या फौजेपुरतेच चालतात. राजाचे स्वभावगुण मात्र देशभर लागतात, राजा लढायला जावो वा न जावो. "माझ्या राजाला अमुक गुण आहे म्हणून त्याला जनरल करतो" हे म्हणूनच निरर्थक.

## टप्पा ८: राजाला घोड्यावर बसवायचं का?

राजाला किंवा वारसाला जनरल करता येतं, आणि त्याचे पिप बरे निघाले की मोह होतो. पण फौज सांभाळणाऱ्या राजाच्या मृत्यूचा धोका वाढतो. म्हातारा, निकामी राजा आणि मागे वयात आलेला हुशार वारस असेल तर मी खुशाल पाठवतो. खरं सांगायचं तर परत येऊ नये अशीच इच्छा असते.

वारस लहान असेल तर नका पाठवू. राजा गेला की राजप्रतिनिधी मंडळ येतं, आणि ते असेपर्यंत स्वतःहून युद्ध पुकारता येत नाही. वारस चार वर्षांचा असेल तर पुढची अकरा वर्षं तुम्ही सीमेवर जमवलेल्या फौजेचा पगार देत बसणार.

तपासा: राजाला फौजेवर टाकण्याआधी वारसाचं वय बघा, आणि मुळात वारस आहे का ते त्याच्याही आधी.